डबीत बसवलेली एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिचित्रे: नोंद करताना डबी उघडावी का?

नोंदवही

नमस्कार. मी अमेरिकेतील एका लहानशा ऐतिहासिक अभिलेखागारात छायाचित्रांच्या नोंदी करण्याचे काम करते. कागदावरची छायाचित्रे, अल्बम, काचेच्या निगेटिव्ह यांची मला बऱ्यापैकी सवय आहे. परंतु अलीकडे माझ्याकडे सोपवलेल्या एका खोक्याने मला अडवून धरले आहे. त्यात १८४० ते १८६० च्या दशकांतील, डबीत बसवलेली ४३ व्यक्तिचित्रे आहेत. बहुतेक डब्या तळहातावर मावतील एवढ्याच आहेत. बाहेरून ठसे उठवलेले तपकिरी चामडे, बाजूला पितळेचा बारीक आकडा, आणि पुस्तकासारखी उघडली की एका बाजूला मखमलीची किंवा रेशमाची गादी व दुसऱ्या बाजूला पितळी चौकटीतून, काचेमागून आपल्याकडे पाहणारा चेहरा, अशी त्यांची रचना आहे.

आमच्या जुन्या नोंदवहीत या सगळ्यांसमोर ‘डॅगेरोटाइप’ हा एकच शब्द लिहिलेला आहे आणि तो सर्वांना लागू नाही, हे मलाही दिसते. काही चित्रे आरशासारखी चमकतात आणि जरा कलती केली की चेहरा नाहीसा होतो. काही मंद, करड्या रंगाची आहेत. एका चित्रात मागच्या काळ्या थराचे पोपडे निघाले आहेत आणि त्या माणसाच्या खांद्यातून चक्क मागचा पुठ्ठा दिसतो. क्रमांक ८ ची अवस्था पाहून मन कष्टी झाले. पूर्वी कोणीतरी ते बाहेर काढून कापडाने पुसले असावे, कारण कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरप्या ओरखड्यांचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात चेहरा उरलेलाच नाही.

ठरलेली पद्धत अशी आहे की प्रत्येक चित्र डबीतून काढायचे, मागे नाव लिहिलेले आहे का ते पाहायचे, स्कॅन करायचे आणि परत बसवायचे. क्रमांक ८ पाहिल्यापासून माझा हात धजत नाही. दुसरीकडे, ४३ पैकी एकाही व्यक्तीचे नाव आम्हाला ठाऊक नाही, आणि ते आतल्या बाजूला कुठेतरी लिहिलेले असण्याची शक्यता मला स्वस्थ बसू देत नाही. ही चित्रे न उघडता ओळखता येतील का? उघडावीत का? आणि ज्या तीन डब्यांत काचेच्या आतल्या बाजूला दवासारखे बारीक थेंब दिसत आहेत, त्यांचे काय करावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काचेमागे

तुमचा हात धजला नाही हे फार चांगले झाले. आधी ओळखीचे सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर अवलंबून आहे आणि या कामासाठी एकही डबी उघडी करून सुटी करावी लागत नाही.

चमकणारी आणि कलती केल्यावर उलटी होणारी चित्रे म्हणजे खरे डॅगेरोटाइप. लुई डागेर यांच्या या पद्धतीची घोषणा पॅरिसमध्ये ७ जानेवारी १८३९ रोजी झाली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला तिची संपूर्ण कृती जाहीर करण्यात आली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर चढवायचा, तो आरशासारखा घासूनपुसून चकचकीत करायचा, आयोडिनच्या आणि पुढे ब्रोमिनच्याही वाफेवर धरून प्रकाशसंवेदी करायचा, कॅमेऱ्यात उघडा करायचा आणि मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरून प्रतिमा वर आणायची, असा तो क्रम होता. प्रतिमा म्हणजे चांदी आणि पारा यांच्या अतिसूक्ष्म कणांचा चांदीच्या पृष्ठभागावर बसलेला थर. उजळ भागात हे कण दाट असतात आणि प्रकाश विखुरतात. गडद भाग म्हणजे जवळजवळ उघडा आरसाच. म्हणून समोर काळे कापड धरले की चित्र नीट दिसते आणि समोर पांढरी भिंत आली की तेच चित्र निगेटिव्हसारखे उलटते. नोंद करताना मी स्वतः काळी बाही घालून बसतो, त्याचे कारण हेच आहे.

कलते करूनही उलटत नाहीत, पण ज्यांना खोली आहे आणि ज्यांच्यातले पांढरे जरा सायीच्या रंगाचे आहे, ती बहुधा अँब्रोटाइप असतील. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची, म्हणजे काचेवर चिकट द्रावणाचा ओला थर पसरून छायाचित्र घेण्याची, पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिच्यावर आधारलेले अँब्रोटाइप १८५४ पासून अमेरिकेत चालू झाले. बोस्टनच्या जेम्स अँब्रोज कटिंग यांचे पेटंट त्याच वर्षीचे आहे. काचेवर मुद्दाम कमी प्रकाश दिलेली निगेटिव्ह तयार करायची आणि तिच्यामागे काळे रोगण, काळे कापड किंवा काळा कागद ठेवायचा. काळ्यावर ती पॉझिटिव्ह दिसते. ज्या गृहस्थांच्या खांद्यातून तुम्हाला पुठ्ठा दिसतो, त्यांचे चित्र या प्रकारचे आहे. त्यांची प्रतिमा शाबूत असण्याची शक्यता आहे, फक्त मागचा काळोख गळून पडला आहे. काही छायाचित्रकार काळ्या रोगणाऐवजी गर्द माणिकरंगी काच वापरत, त्यामुळे कडेला लालसर झाक दिसली तर गोंधळून जाऊ नका.

तिसरा प्रकार टिनटाइपचा. नावात टिन असले तरी पत्रा लोखंडाचा असतो आणि त्यावर काळे रोगण चढवलेले असते. ओहायोच्या हॅमिल्टन स्मिथ यांना याचे अमेरिकन पेटंट १९ फेब्रुवारी १८५६ रोजी मिळाले. डबीत बसवलेले टिनटाइप आणि अँब्रोटाइप नुसत्या नजरेने ओळखणे अवघड असते. तेव्हा अगदी लहान, अशक्त लोहचुंबक दोऱ्याला बांधून बंद डबीच्या पाठीजवळ न्यावे. दोरा किंचित ओढला गेला तर आत लोखंड आहे. पितळी चौकट चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे सहसा फसगत होत नाही. चुंबक काचेच्या बाजूने मात्र कधीही आणू नये. सैल झालेला पत्रा आतून ओढला जाऊन काचेला घासल्याचे मी एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे.

आकाराची नोंदही आताच करून ठेवा. या पत्र्यांचे आणि काचांचे ठरलेले माप असे: पूर्ण प्लेट ६.५ × ८.५ इंच, आणि बाकीची मापे तिच्या हिश्शांच्या नावाने ओळखली जातात. तळहातावर मावणाऱ्या तुमच्या डब्या बहुतेक एक-षष्ठांश प्लेटच्या, म्हणजे २.७५ × ३.२५ इंचांच्या असाव्यात. सर्वांत जास्त चालणारे माप तेच होते. त्याहून लहान असतील तर एक-नवमांश, म्हणजे २ × २.५ इंच.

पितळीचौकट

काचेमागे यांनी ओळखीचे छान सांगितले आहे. मी संवर्धनाच्या बाजूने लिहिते, कारण खरा धोका तिथे आहे.

डबीच्या आत काय आहे ते आधी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत खाली चित्राचा पत्रा किंवा काच. तिच्यावर पितळेची खिडकी कापलेली चौकट. तिच्यावर संरक्षक काच. आणि या तिन्हींच्या कडेने फिरवून चिकटवलेली कागदी पट्टी. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून या गठ्ठ्याभोवती पातळ पितळी पन्नीची मऊ चौकट दुमडून बसवण्याची पद्धत रूढ झाली. हा सगळा गठ्ठा डबीच्या खोबणीत नुसता दाबून बसवलेला असतो. कागदी पट्टी अखंड असेल तर बाहेरच्या हवेला आत येण्यापासून ती बरीच अडवते, असे समजा. ती पट्टी एकदा कापली की बाहेरच्या हवेतील गंधक थेट चांदीवर येते. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: पट्टी अखंड असलेला एकही गठ्ठा केवळ नाव शोधण्यासाठी उघडू नये.

आता तुमच्या क्रमांक ८ विषयी. ते पुसणाऱ्याने वाईट हेतूने पुसले नसणार. डॅगेरोटाइपवर चौकटीच्या कडेपासून आत येणारी पिवळट, तांबूस, मग निळसर अशी छटा चढते. ती चांदीच्या भांड्यांवर चढणाऱ्या काळेपणासारखीच गंधकाने आलेली असते, आणि चांदीचे भांडे आपण पुसतोच. फरक इतकाच की भांड्यावर चित्र नसते. इथे प्रतिमेचे कण पृष्ठभागावर उघडे बसलेले आहेत. १८४० नंतर त्यांच्यावर सोन्याच्या क्षाराचा पातळ मुलामा देऊन त्यांना थोडी बळकटी देण्याची फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांची युक्ती सर्वत्र रूढ झाली, पण तो मुलामाही कापसाच्या बोळ्याचा स्पर्श सोसत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर थायोयुरियाच्या द्रावणात बुडवून हे पत्रे ‘स्वच्छ’ करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी चालली. त्या वेळी ते पत्रे लख्ख निघाले, आणि काही वर्षांनी त्यांच्यावर तपकिरी ठिपके उमटू लागले, कारण द्रावणाने चांदी कोरली होती आणि त्याचे अवशेष मागे राहिले होते. म्हणून काळवंडलेली कडा ही आज आपण चित्राच्या वयाचा भाग मानतो. ती वाढत नसेल तर तिला हात लावत नाही.

थेंबांच्या तीन डब्या मात्र थांबणाऱ्यांतल्या नाहीत. त्या काळच्या काचेत सोडियम व पोटॅशियमचे क्षार पुष्कळ असत. दमट हवेत ते क्षार काचेतून बाहेर येतात, हवेतील पाणी ओढून घेतात आणि काचेच्या आतल्या अंगाला बारीक, तेलकट वाटणारे थेंब धरतात. कोरडे पडले की त्यांचे पांढरे स्फटिक होतात. लोक याला बुरशी समजतात. हे द्रव अल्कलीधर्मी असते, आणि एखादा थेंब खाली पडला की चांदीवर हिरवट किंवा तपकिरी वर्तुळ कायमचे राहते. अशा डबीची काच बदलणे आवश्यक असते. पण ते काम छायाचित्रांच्या संवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करावे, जुनी काच, जुनी पट्टी आणि जी धूळ निघेल तीही स्वतंत्र पाकिटात घालून क्रमांकासह जपावी, आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे.

एक धोक्याची सूचना अँब्रोटाइपबद्दल. कटिंग यांच्या पेटंटप्रमाणे केलेल्या चित्रांत प्रतिमेची काच आणि वरची काच कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने एकमेकींना चिकटवलेल्या असतात. वरची काच मळकट दिसते म्हणून ती सुटी करायला जाल तर प्रतिमेचा पापुद्रा तिच्यासोबत निघून येईल. ज्यांचे काळे रोगण थेट प्रतिमेच्या थरावर दिलेले आहे, तिथेही पोपडा उचलला की गालाचा तुकडा त्याला चिकटून येतो. तुमच्या त्या खांद्याच्या चित्राला नवे रोगण कोणी सुचवील, तर ठामपणे नाही म्हणा. संवर्धक पुढे कधी ते उघडतील तेव्हा मागे काळा, आम्लरहित कागद सरकवतील, आणि तेवढ्याने ते गृहस्थ पुन्हा सगळे दिसू लागतील. रोगण परत काढता येत नाही, कागद काढता येतो.

तोपर्यंत डब्या बंद ठेवाव्या, आडव्या ठेवाव्या, प्रत्येक डबी चार पाखांच्या आम्लरहित घडीत आणि मग खोक्यात. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर असावी; तळघर किंवा माळा दोन्ही नकोत. बिजागरीचे चामडे सुटत आले असेल तर डबी उघडताना झाकणाला खालून बोटांचा आधार द्या आणि पूर्ण सपाट उघडू नका.

नोंदवही

दोघांचेही मनापासून आभार. काळे कापड, भिंग आणि दोऱ्याला बांधलेला चुंबक घेऊन दोन दिवस बसले. डॅगेरोटाइप १९, अँब्रोटाइप १६, टिनटाइप ७, आणि एक अजून मला ठरवता आलेले नाही. नोंदवहीतला तो एक शब्द २४ ठिकाणी खोडावा लागेल.

क्रमांक १७ विषयी मुद्दाम विचारते. साधारण तिशीची स्त्री आहे, गडद पोशाख, पांढरी रुंद गळपट्टी. गालांवर गुलाबी रंगाची पूड इतकी हलक्या हाताने दिलेली आहे की भिंगाखालीही तिची कडा सापडत नाही, आणि गळ्याजवळच्या ब्रोचवर सोनेरी रंगाचा एकच उंचवटा आहे, मोहरीएवढाही नाही. या डबीतला गठ्ठा आधीपासूनच सैल आहे, पट्टी फाटलेली आहे आणि खालच्या कोपऱ्यातून पत्र्यामागे घडी घातलेल्या कागदाची कड डोकावते. मी हात लावलेला नाही. याच चित्रासमोर जुन्या नोंदीत कंसात ‘मृत स्त्री’ असे लिहिले आहे, कारण तिच्या पायांमागे लोखंडी तिवईचा पाया दिसतो. हे खरे मानावे का? आणि सनाचा अंदाज कसा करावा?

सनावळी

‘मृत स्त्री’ हे शब्द आधी खोडा, किंवा अभिलेखागाराच्या शिस्तीप्रमाणे जुनी नोंद राखून तिच्यासमोर दुरुस्ती लिहा. ती तिवई डोके स्थिर ठेवण्यासाठी असे. तिच्या वरच्या टोकाला दोन बोटांसारखा चिमटा असून तो मानेमागे टेकवला जाई. सुरुवातीच्या डॅगेरोटाइपला काही मिनिटांचा प्रकाश लागे. १८४० मध्ये पेट्झवाल यांचे जास्त प्रकाश आत घेणारे भिंग आले, त्यापाठोपाठ ब्रोमिनची वाफ वापरात आली आणि हा वेळ एक मिनिटाच्या खाली उतरला. तरीही काही सेकंद पापणीसुद्धा न हलवता बसणे जिवंत माणसाला कठीणच, म्हणून आधार. मृत देहाचे वजन ती तिवई पेलूच शकत नाही. त्या काळात मृतांची छायाचित्रे नक्कीच घेत, पण ती बहुधा बिछान्यावर किंवा आईबापांच्या मांडीवर झोपल्यासारखी घेतलेली असत. तिवई दिसणे हा ती व्यक्ती जिवंत असल्याचाच पुरावा आहे. या एका गैरसमजाने कितीतरी जिवंत माणसांना नोंदवह्यांतून मारून टाकले आहे, आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटते.

सनाकडे वळू. माझा अनुभव असा की एका खुणेवर कधीही विसंबू नये. डब्या टिकाऊ होत्या आणि चित्रे फुटत, त्यामुळे दुसऱ्याच चित्राला जुनी डबी मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ. चित्र एका काळाचे, चौकट दुसऱ्या काळाची आणि डबी तिसऱ्या काळाची असू शकते, म्हणून तिघांची तारीख वेगवेगळी लिहावी आणि त्या जुळतात का ते पाहावे. चौकट जाड, साधी, खरबरीत पृष्ठभागाची आणि खिडकी अष्टकोनी किंवा घुमटाकार असेल, बाहेरची मऊ पितळी पन्नी नसेल, तर १८४० च्या दशकाकडे झुकावे. पितळ पातळ, नक्षी दाट आणि पन्नीची चौकटही फुलापानांनी भरलेली असेल, तर १८५० च्या दशकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरचा काळ.

तुमच्या संग्रहात चामड्याच्या नसलेल्या, कडक, गडद तपकिरी किंवा काळ्या, खोल नक्षीच्या डब्याही असतील. त्यांना पुष्कळ ठिकाणी गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाच्या, म्हटले जाते, आणि ते चूक आहे. चपडा लाख आणि लाकडाचा बारीक भुसा रंग घालून एकत्र कालवायचा आणि तापलेल्या साच्यात दाबायचा, असा तो माल आहे. सॅम्युअल पेक यांचे या डब्यांविषयीचे पेटंट १८५४ चे. त्यांना ‘युनियन केस’ म्हणतात. यांपैकी काहींच्या आत, चित्राच्या गठ्ठ्यामागे, लिटलफील्ड, पार्सन्स अँड कंपनीची छापील कागदी पट्टी असते आणि तिच्यावर १८५६ व १८५७ ची पेटंटे नमूद असतात. म्हणजे निदान डबी तरी त्याआधीची नव्हे. पण नुसती ती पट्टी पाहण्यासाठी गठ्ठा उचकटू नये, हे पितळीचौकट यांचे म्हणणे मलाही मान्य आहे.

मखमलीच्या गादीवर आणि चौकटीच्या खालच्या कडेवर भिंग फिरवा. तिथे छायाचित्रकाराचे नाव आणि पत्ता दाबून उठवलेला असू शकतो; तिरप्या उजेडात तो चटकन वर येतो. मॅथ्यू ब्रेडी यांच्यासारखे नामवंत छायाचित्रकार हे करतच, पण लहान गावांतले लोकही करत. नाव सापडले की त्या शहराच्या जुन्या वार्षिक डिरेक्टऱ्या उघडा. छायाचित्रकार सतत जागा बदलत, त्यामुळे विशिष्ट पत्त्यावर तो दोन किंवा तीनच वर्षे होता असे निघाले तर तुम्हाला कपड्यांच्या अभ्यासातूनही मिळणार नाही इतकी नेमकी तारीख मिळते. डॅगेरोटाइपचा गठ्ठा कोणत्याही कारणाने संवर्धकाने उघडलाच, तर पत्र्याच्या कोपऱ्यातील शिक्काही टिपून घ्या. पत्रे बनवणाऱ्या स्कोविल कंपनीच्या नावाशेजारचा ‘४०’ हा आकडा चांदीचे तांब्याशी प्रमाण सांगतो, सन नव्हे. तो सन समजून १८४० लिहिलेल्या नोंदी मी वाचल्या आहेत.

टिनटाइपांच्या बाबतीत एक अचूक खूण आहे. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकेत छायाचित्रांवर मुद्रांक कर होता, १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ पर्यंत. २५ सेंटपर्यंतच्या चित्राला २ सेंटांचे तिकीट, ५० सेंटपर्यंत ३ सेंटांचे, एक डॉलरपर्यंत ५ सेंटांचे. सुट्या झालेल्या एखाद्या चित्राच्या पाठीवर असे तिकीट दिसले तर ती दोन वर्षे पक्की, आणि गिऱ्हाइकाने साधारण किती पैसे मोजले तेही कळते. छायाचित्रकाराने आद्याक्षरे व तारीख घालून तिकीट रद्द केले असेल तर दिवससुद्धा मिळतो.

काचेमागे

स्कॅनबद्दल लिहायचे राहून गेले होते. सपाट स्कॅनर या वस्तूंसाठी नाही. डबी पालथी घालावी लागते, बिजागरीवर ताण येतो, काचेवर थेंब असतील तर डबी उलटसुलट करताना ते ओघळू शकतात, आणि डॅगेरोटाइप तर स्कॅनरच्या दिव्याखाली नुसता राखाडी आरसा दिसतो. कॅमेरा वरून उभा लावा, भिंगाएवढे भोक पाडलेले काळे कापड किंवा काळा पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे धरा आणि दिवे बाजूंनी, तिरपे ठेवा. पत्र्यात फक्त काळे प्रतिबिंबित होईल आणि चेहरा वर येईल. प्रत्येक वस्तूची किमान चार चित्रे घ्यावीत: बंद डबीची पुढची बाजू, मागची बाजू, पूर्ण उघडी डबी गादीसह, आणि मग केवळ प्रतिमा. पुष्कळ संकेतस्थळांवर चौकट कापून नुसता चेहरा ठेवलेला दिसतो. त्यामुळे डबीवरची नक्षी, गादीचा रंग, काचेवरची डागांची स्थिती, हे सगळे वाचकाच्या हाती पोहोचतच नाही.

आणखी एक. डॅगेरोटाइप व टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशासारखी उजवी-डावी उलटलेली असते. डिजिटल प्रत परस्पर सुलटी करू नका. मूळ जशी आहे तशीच ठेवून टिपणात लिहा. अँब्रोटाइपची काच काही वेळा उलटी बसवून छायाचित्रकाराने स्वतःच ती सुलट केलेली असते, तेव्हा कोटाची बटणे आणि अंगठीचा हात पाहून खात्री करून घ्यावी.

पितळीचौकट

क्रमांक १७ बद्दल माझे मत थोडे वेगळे पडेल. तिची पट्टी आधीच फाटलेली आहे, म्हणजे हवा आत-बाहेर होतेच आहे आणि पत्र्यामागचा कागद आम्लयुक्त असेल तर तोही आतून त्रास देतो. ही डबी थेंबांच्या तीन डब्यांबरोबर संवर्धकांकडे पाठवावी, असे मी सुचवीन. मागे ठेवलेल्या कागदांविषयी सावध राहा. नावाची चिठ्ठी कधी त्याच दिवशी ठेवलेली असते, कधी पन्नास वर्षांनी नातवंडांनी आठवणीवरून लिहिलेली असते, आणि कधी तो चौकट घट्ट बसावी म्हणून कोंबलेला रद्दीचा तुकडा असतो. कागद, शाई, वळण आणि तो गठ्ठ्याच्या कोणत्या थरात होता, हे सर्व लिहिल्याशिवाय त्यावरचे नाव शीर्षकात चढवू नये.

शीर्षकासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसची रीत चांगली आहे. लिलजेनक्विस्ट कुटुंबाने २०१० पासून तिथे दिलेल्या यादवी युद्धातील सैनिकांच्या चित्रांत पुष्कळ जण अनोळखी आहेत. त्यांची शीर्षके चौकोनी कंसात, ‘अनोळखी सैनिक’ असे म्हणून गणवेश आणि हातातल्या वस्तूंच्या वर्णनाने दिलेली आहेत. कंस पाहताच वाचकाला कळते की हे शब्द नोंद करणाऱ्याचे आहेत, वस्तूवरचे नव्हेत. पुढे कोणाला नाव सापडले तर वर्णनामुळेच ते चित्र हाती लागते.

नोंदवही

चारही डब्या संवर्धकांकडून परत आल्या, म्हणून हे लिहिते आहे. सर्व उघडण्याची जुनी पद्धत आता लेखी आदेशाने थांबली आहे. बाकीच्या ३९ डब्यांतले गठ्ठे बंदच आहेत. ज्या एकाविषयी मी साशंक होते तो अँब्रोटाइपच निघाला, माणिकरंगी काचेचा. चौकटीच्या कोपऱ्यातून उजेड धरल्यावर लाल कड दिसली.

थेंबांच्या तीन डब्यांच्या काचा बदलल्या. दोन पत्रे स्वच्छ निघाले. तिसऱ्यावर मुलाच्या बाहीपाशी एक हिरवट वर्तुळ आधीच उमटले होते, ते तसेच ठेवले आहे.

क्रमांक १७ च्या मागून दोन गोष्टी निघाल्या. एक, वर्तमानपत्राची घडी, ती केवळ गठ्ठा घट्ट बसावा म्हणून घातलेली होती, पण तिच्या एका कोपऱ्यात मार्च १८५२ ही तारीख शाबूत आहे. दुसरी, तिच्या आत, पत्र्याला लागून, एक लहान चिठ्ठी. तिच्यावर नाव नाही. तपकिरी पडलेल्या शाईत ‘आई, वय ३१’ एवढेच लिहिलेले आहे, आणि अक्षर मुलाचे वाटते, ओळ उजवीकडे खाली घसरत गेली आहे. वर्तमानपत्राच्या तारखेमुळे गठ्ठा मार्च १८५२ च्या आधी बांधलेला नाही एवढेच म्हणता येते, आणि नोंदीत तेवढेच लिहिले आहे. चिठ्ठी केव्हाची याबद्दल काही म्हटलेले नाही. ती घडीच्या आत, पत्र्याच्या पाठीला टेकून होती, हे मात्र चित्रासह लिहिले आहे.

शीर्षक असे दिले: [अनोळखी स्त्री, गडद पोशाख, पांढरी रुंद गळपट्टी, सोनेरी रंग दिलेला ब्रोच]. खाली टिपण: एक-षष्ठांश प्लेट डॅगेरोटाइप, गालांवर हाताने दिलेला रंग, प्रतिमा उजवी-डावी उलट, त्यामुळे उजव्या दिसणाऱ्या हातातील अंगठी डाव्या हातातील समजावी. जुन्या नोंदीतील ‘मृत स्त्री’ या शब्दांवर एक रेघ ओढली, शेजारी तिवईविषयीची दुरुस्ती लिहिली आणि खाली तारीख घातली. चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, पण त्याच खोक्यात, डबीला लागून ठेवली आहे.